सोंग घेतलेलं गाव: रूप बदलणाऱ्या राक्षसांवर साहस रचताना

प्रश्न असा आहे. कोल्हापुरातल्या चार कॉलेजमित्रांसाठी चार सेशनचं साहस लिहायचंय. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलाभोवती बसून, फासे टाकत आणि गोष्ट रचत खेळायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, पात्रं तिसऱ्या लेव्हलची. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, एका गावात मुक्कामाला येते आणि गावातले लोक मुळात माणसं नसतात, रूप बदललेले राक्षस असतात. डीएमला, म्हणजे खेळ चालवणाऱ्याला, दोन्ही बाजूंनी भीती आहे. पहिल्याच सेशनला ओळखलं तर पुढचे तीन कशावर चालवायचे? आणि शेवटपर्यंत ओळखलंच नाही तर?

ओळखणार, हे धरूनच चाला. आडरानातलं गाव, सगळे गोड बोलणारे, जेवायचा आग्रह करणारे, हे ऐकलं की खेळलेला कुठलाही माणूस सावध होतो. त्याच्यापासून गुपित लपवण्यात चार सेशनची ताकद घालवू नका. दुसऱ्या सेशनच्या मध्यापर्यंत तुम्ही स्वतःच ते फुटू द्या. ‘ही माणसं आहेत की राक्षस’ या प्रश्नावर एक संध्याकाळ निघते. ‘हे राक्षस माणसांसारखं नांगरतायत, लग्नं लावतायत, पोरं वाढवतायत, ते कशासाठी, आणि आता आपण त्यांचं काय करायचं’ या प्रश्नावर उरलेले सगळे सेशन खुशाल निघतात. माझ्या टेबलावर अशा साहसात लोक सर्वांत जास्त भांडले ते सगळं कळल्यानंतर, आणि ती भांडणं ऐकण्यासारखी होती.

म्हणून पहिली गोष्ट कागदावर लिहायची ती नकाशा नव्हे, राक्षसांची यादी नव्हे. गावाला सोंग घ्यायची गरज का पडली, हे एका वाक्यात लिहा. ‘प्रवाशांना खाण्यासाठी’ हे उत्तर सोपं आहे आणि त्यातून फक्त लढाई निघते. खायचंच असेल तर वाटेवर दबा धरणं पुरेसं आहे, त्यासाठी उसाला पाणी पाजत बसायची गरज नाही. जे उत्तर गावातल्या रोजच्या कष्टांचा अर्थ लावतं ते उत्तर घ्या.

उदाहरणासाठी एक गाव रचतो. नाव उंबरखोरी. गगनबावड्याच्या बाजूला जसा मुलूख दिसतो तसा धरा: उतरत्या कौलांची घरं, खाली ओढ्याकाठी उसाचे मळे, गावाबाहेर एक गुऱ्हाळ. तीन वर्षांपूर्वी साथीत निम्म्याहून जास्त गाव गेलं. त्याच पावसाळ्यात घाटावरून रूप बदलणारे जीव पळून खाली आले; त्यांच्या मागे कुणीतरी लागलं होतं. रिकामी घरं, उभी पिकं, आणि रडायलाही माणूस न उरलेली प्रेतं. त्यांनी मेलेल्यांचे चेहरे घेतले आणि गाव चालू ठेवलं. वाचलेल्या माणसांपैकी काहींना हे माहीत आहे. एक म्हातारी आहे, सगळे तिला आक्का म्हणतात. तिचा मुलगा तिच्या मांडीवर गेला आणि चौथ्या दिवशी तोच मुलगा दारात येऊन उभा राहिला. हा कोण हे तिला पहिल्या क्षणापासून ठाऊक आहे, आणि त्याला कुणी बोट लावलं तर ती कोयता घेऊन मध्ये उभी राहील.

आता यात एक खरा गुन्हेगार घाला. या जीवांपैकी एकाला मेलेल्याचा चेहरा पुरेनासा झालाय. तो जिवंत माणसं मारून त्यांची जागा घेतो. बाकीच्यांना संशय आहे, पण बोललं तर सगळ्यांचंच बिंग फुटेल म्हणून ते गप्प आहेत. एवढं जमलं की साहस उभं राहतं. पार्टीला एक खुनी शोधायचाय, आणि तो सापडला की सबंध गाव उघडं पडतंय.

मूळ माणसं कुठे गेली, हा दुसरा निर्णय. वरच्या गावात ती साथीत गेली आहेत. ती जिवंत ठेवायची असतील तर आपल्याकडची कथा हाताशी आहे. कोल्हासुराचा मुलगा कामाक्ष याने योगदंडाच्या जोरावर देवांनाच शेळ्या-मेंढ्या करून टाकलं आणि त्र्यंबोलीने त्यांना सोडवलं. ललिता पंचमीला टेंबलाईच्या टेकडीवर कोहळा फोडतात तो याच कथेशी जोडलेला आहे. कोल्हापूरचा खेळाडू ही गोष्ट लहानपणापासून ऐकत आलाय. गावाबाहेरच्या वाघरात मेंढरं आहेत आणि त्यातलं एक पार्टीच्या मागेमागे येतंय, एवढं वर्णन केलंत तरी टेबलावर कुणाच्या तरी डोक्यात ठिणगी पडेल. पडू द्या. मात्र हा मार्ग घेतलात तर गावकऱ्यांबद्दलची सहानुभूती बरीच कमी होते, कारण मग त्यांनी घर बळकावलेलं असतं. मला पहिला मार्ग जास्त आवडतो.

राक्षस कुठला घ्यायचा? तिसऱ्या लेव्हलला डॉपलगँगर, म्हणजे कुणाचंही रूप घेणारा आणि विचार वाचणारा राक्षस, सर्वांत सोयीचा, आणि त्याचे नियम नीट वाचले तर निम्मं साहस त्यातच सापडतं. २०१४ च्या नियमांत (पुढचे सगळे नियमही त्यांतलेच) त्याचे हिट पॉइंट, म्हणजे मार सोसायची ताकद, ५२, चॅलेंज, म्हणजे अवघडपणाचा अंक, ३, आणि एक्सपी, म्हणजे त्याला हरवल्याचे गुण, ७००. चार तिसऱ्या लेव्हलच्या पात्रांसाठी मध्यम लढाईची मर्यादा ६०० एक्सपी आणि जीवघेण्या लढाईची १६००. म्हणजे एक जण पार्टीला पुरतो. दोन आले की १४०० होतात, दोघे आहेत म्हणून दीडने गुणायचं, २१००. लढाई जीवघेणीच्याही पुढे गेली. आणि गावात असे तीस जण आहेत. हा हिशेब खेळाडूंना लवकर जाणवला पाहिजे. पहिल्या सेशनला एका गावकऱ्याला उधळलेल्या बैलाची शिंगं विजेच्या चपळाईने सहज चुकवताना दाखवा. तलवारीने हे गाव सुटणार नाही, हे कळलं की लोक बोलायला लागतात.

आता खुणा. पहिली सूचना: इन्साइटच्या, म्हणजे समोरचा खोटं बोलतोय का ते ओळखायच्या, रोलवर हे साहस टांगू नका. डॉपलगँगरला डिसेप्शनवर, म्हणजे खोटं पचवायच्या फाशावर, अधिक ६ आहे, आणि समोरच्याचे विचार वाचत असेल तर त्याला ॲडव्हान्टेजही मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा धरायचा. खेळाडू दहा वेळा फासा टाकतील, दहा वेळा तुम्ही ‘खरं बोलतोय असं वाटतं’ म्हणाल, आणि सगळे कंटाळतील. खुणा गावाच्या कामात ठेवा. चेहरा उचलता येतो, वीस वर्षांचा हात उचलता येत नाही.

गुऱ्हाळ बघा. चुलवाणात चिपाडं ढणढण पेटलेली, काहिलीत रस उकळतोय, भेंडीच्या चिकाने मळी वर येतेय आणि कुणीतरी ती झाऱ्याने काढतंय. या सगळ्यात काहील नेमकी कधी उतरवायची हे एकटा गुळव्या ठरवतो. तो पाक पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून बघतो, बुडबुड्यांचा आकार बघतो, आणि हात वर करतो. थोडं आधी उतरवलं तर गूळ बसत नाही, उशीर झाला तर करपतो. आपल्या गावातला गुळव्या साथीत गेलाय. त्याचा चेहरा घेतलेला जीव काहिलीजवळ उभा आहे आणि शेजारच्या म्हाताऱ्या गड्याच्या डोक्यातून वाचून हात वर करतोय. गडी जागेवर असला की आधण जमतं. पार्टीतल्या कुणी त्या गड्याला बोलत बोलत बांधावर नेलं, साठ फुटांच्या पलीकडे, जिथे विचारवाचन पोहोचत नाही, की गुळव्या गोळी वळतच राहतो. बोटं पुन्हा पुन्हा पाण्यात. काहिलीतला रंग गडद होत जातो, करपल्याचा वास येतो, आणि त्याची नजर बांधाकडे, त्या गड्याला शोधत. इथे फासा टाकायला लावू नका. हे जसंच्या तसं वर्णन करा आणि थांबा.

या प्रसंगाची पेरणी गावात शिरण्याआधीच करून ठेवा. बाजारपेठेत पार्टीला काम देणारा अडत्या जाता जाता म्हणतो, ‘उंबरखोरीचा गुळाचा रवा आधी डोळे झाकून घ्यायचो. तीन वर्षं झाली, निम्मा माल पाघळतोय.’ कोल्हापुरात गुळावरची तक्रार कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

दुसरी खूण नियमांतच आहे. डॉपलगँगरचं शरीर बदलतं, अंगावरच्या वस्तू बदलत नाहीत. म्हणजे कपडे, दागिने, वहाणा हे सगळं मेलेल्या माणसाचं वापरावं लागतं. वहाणांवर माझा विशेष जीव आहे. कातडी वहाण वापरून वापरून पायाचा आकार घेते, आणि माणूस चालतो तशी झिजते. गावच्या पाटलाचा डावा पाय अधू होता, त्यामुळे त्याच्या डाव्या वहाणेची टाच कायम बाहेरच्या अंगाने खलास व्हायची. वहाणा शिवणाऱ्या म्हाताऱ्याला हे तोंडपाठ आहे. पार्टी त्याच्याकडे तुटलेला अंगठा शिवायला गेली की तो पाटलांचा जोड दाखवतो: पाटील अजून लंगडतात, गावासमोर तर हमखास, पण गेल्या दोन जोडांची टाच दोन्हीकडे सारखी झिजली आहे. तो याहून जास्त काही म्हणत नाही. खेळाडूंच्या हातात त्या वहाणा द्या, उलटून बघू द्या. वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीच्या वेतोबाला भाविक भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. माणसाचा नसलेला, तरी गाव राखणारा, हा विचार आपल्या मातीत पूर्वीपासून आहे. तुमच्या गावाला त्याचा आधार आहे.

तिसरी खूण बोलण्यातली. विचार वाचणारा माणूस प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देतो. हे टेबलावर करायला फार सोपं आहे: खेळाडू बोलत असताना एनपीसीच्या, म्हणजे डीएम चालवतो त्या पात्राच्या, आवाजात मध्येच नेमकं उत्तर द्या आणि पुढे चला. दोनतीनदा झालं की कुणीतरी थबकतं. शिवाय तुमचे खेळाडू कोल्हापूरचे आहेत, त्याचाही उपयोग करा. इथल्या बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. उंबरखोरीत सगळ्याजणी तसंच बोलतात आणि एक पाटलीणबाई स्वच्छ ‘मी आले’ म्हणतात, एवढंच ठेवा. बाहेरच्या खेळाडूला हे कळणारही नाही. तुमच्या टेबलावर कळेल.

जस्टिन अलेक्झांडर यांचा २००८ सालचा एक नियम रहस्यकथा रचणारे बरेच डीएम पाळतात: जो निष्कर्ष खेळाडूंनी काढायलाच हवा, त्याच्यासाठी किमान तीन वेगळ्या खुणा ठेवायच्या. एक त्यांच्या नजरेतून सुटते, दुसरीचा ते भलताच अर्थ लावतात, तिसरी लागते. गूळ, वहाणा आणि बोलणं या तीन खुणा ‘गावकरी माणसं नाहीत’ या एकाच निष्कर्षासाठी आहेत. खुनी कोण, यासाठी आणखी तीन वेगळ्या लागतील. म्हणजे दुसऱ्या भीतीचंही उत्तर मिळालं: शेवटपर्यंत न कळण्याची वेळ येत नाही. उलटे पाय, न पडणारी सावली, रडणारी कुत्री हे सगळ्यांनी ऐकलेलं आहे, म्हणून ते खूण म्हणून वापरू नका. गावातल्या एखाद्या भेदरलेल्या पोराला पार्टीच्याच पायांकडे आणि सावलीकडे निरखून बघताना दाखवा. परक्या माणसांची भीती त्यालाही आहे.

मंत्रांची तयारी आधी करून ठेवा, नाहीतर पहिल्या रात्रीच घोटाळा होतो. पॅलाडिनच्या, म्हणजे व्रतस्थ योद्ध्याच्या, डिव्हाइन सेन्स या शक्तीला डॉपलगँगर लागत नाही, डिटेक्ट ईव्हिल अँड गुड या मंत्रालाही नाही, कारण नियमांत तो मॉन्स्ट्रॉसिटी या वर्गात आहे; ती दोन्ही फीन्ड (सैतान), अनडेड (भुतंखेतं) असल्यांसाठी. पॅलाडिनने गावभर फिरून ‘सगळं ठीक आहे’ असा निर्वाळा द्यावा, हे साहसाला पोषकच आहे. झोन ऑफ ट्रुथमध्ये खोटं बोलता येत नाही, पण गप्प राहता येतं आणि उत्तर टाळता येतं. खरी धार मूनबीम या चंद्रप्रकाशाच्या मंत्राला. तिसऱ्या लेव्हलच्या ड्रुइडला, म्हणजे निसर्गाच्या पुजाऱ्याला, तो मिळतो, रूप बदलणाऱ्याला त्याविरुद्धचा सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, डिसअ‍ॅडव्हान्टेजने (दोन फाशांतला लहान धरून) टाकावा लागतो आणि फसला तर मूळ रूप उघडं पडतं. तो मंत्र बंद करू नका. ड्रुइडच्या खेळाडूने तो घेतलाय तर त्याला चावडीसमोर, सगळ्या गावादेखत, तो वापरायची वेळ येऊ द्या. त्या प्रकाशात जो उघडा पडेल तो खुनी नसून आक्काचा मुलगा असावा. तिसरं सेशन इथून सुरू करा.

ज्यांना खरं माहीत आहे ती माणसं एकमेकांशी बोलतात कुठे, हा प्रश्न विसरू नका. ज्या गावात शेजारी विचार वाचतो तिथे कुजबुज करूनही भागत नाही. नियम सांगतात की तीन फूट माती किंवा लाकूड, दोन फूट दगड, दोन इंच धातू किंवा शिशाचा पातळ पत्रा मध्ये आला की विचारवाचन थांबतं. आपल्याकडे याला तयार जागा आहे: पेव. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. वर माणूस जेमतेम उतरेल एवढं तोंड, खाली जमिनीच्या पोटात मोठी पोकळी. उंबरखोरीची उरलेली माणसं अमावास्येच्या रात्री एका रिकाम्या पेवात उतरतात. तिथे ती काय बोलतात? काही जणांना या जीवांना हाकलायचंय. काही जण म्हणतात, हे नसते तर आपण त्या वर्षी उपाशी मेलो असतो. पार्टी तिथे पोहोचली की सगळी बाजू एकाच जागी, अंधारात, कुणी ऐकत नसताना ऐकायला मिळते. बंद पेव उघडल्या उघडल्या आत उतरत नाहीत, कोंडलेली हवा जीव घेते. उतावळ्या पार्टीसाठी हा धोका राखून ठेवा आणि गावातल्या एखाद्या पोराला आधी तो सांगू द्या.

एनपीसी सहा पुरेत. आक्का, तिचा मुलगा, पाटील, गुळव्या, वहाणा शिवणारा म्हातारा आणि खुनी. बाकीचं गाव आवाजांत आणि गर्दीत ठेवा. प्रत्येकाला एक काम, एक हवीशी गोष्ट आणि एक भीती. खुनी कोण करायचा हे खेळाडूंना कोण आवडतं ते बघून ठरवा. ज्याच्याशी त्यांची पहिल्या सेशनला गट्टी जमेल त्याच्यावर विचार करा, मात्र मग त्याच्या खुणा दुसऱ्या सेशनच्या आत पेरून घ्या.

एक गोष्ट गंभीरपणे घ्या. ‘आपल्यासारखे दिसतात पण आपले नाहीत, म्हणून मारायला हरकत नाही’ ही गोष्ट आपल्या देशात खऱ्या माणसांवर वापरली गेली आहे. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या, त्यांना पोलिसांपुढे हजेरी द्यायला लावली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी ही हजेरी बंद केली. तुमचे राक्षस कुठल्याही जातीसारखे, भटक्या जमातीसारखे किंवा धर्मासारखे दिसणार, बोलणार नाहीत याची काळजी घ्या. वहाणा शिवणारा, गुळव्या, गडी यांपैकी कुणाचं काम हेच त्याच्या राक्षसपणाचं कारण होऊ देऊ नका. जिवंत श्रद्धेतल्या देवाला राक्षस करू नका. आणि खेळ सुरू करण्याआधी खेळाडूंना सांगा की यात मेलेल्या माणसाचा चेहरा घेऊन कुणी घरी येतं. ज्याच्या घरात नुकतं दुःख झालंय त्याला आधीच नको म्हणायची संधी मिळायला हवी. टेबलावर एक्स-कार्ड, म्हणजे नकोसा प्रसंग थांबवायला कुणीही बोट ठेवावं असं कार्ड, ठेवलंत तर उत्तम. एखाद्या खेळाडूचं पात्र गुपचूप बदलून त्याच्या जागी राक्षस ठेवायची युक्ती त्या खेळाडूची संमती असेल तरच करा.

वेळेचा ताण बाहेरून आणा. राजाचा कारकून शिरगणतीला पाच दिवसांत पोहोचणार आहे, त्याच्यासोबत शिपाई आहेत आणि एक मूनबीम जाणणारा पुरोहित. पार्टीने काहीच केलं नाही तर काय होईल तेही लिहून ठेवा: दुसऱ्या रात्री एक खून, चौथ्या रात्री निम्मे जीव पळायच्या तयारीत, पाचव्या दिवशी चावडीवर कत्तल. यामुळे खेळाडू पेवात तासभर वाद घालत बसले तरी गाव थांबत नाही.

लढाई हवीच असेल तर ती खुन्याशी ठेवा, गुऱ्हाळात, पेटलेलं चुलवाण आणि उकळती काहील मध्ये असताना. एकटा डॉपलगँगर चार जणांपुढे फार टिकत नाही, म्हणून तो लढता लढता पार्टीतल्याच एकाचं रूप घेईल. कपडे बदलणार नाहीत हे खेळाडूंना एव्हाना माहीत आहे. त्यालाही माहीत आहे, म्हणून तो आधी धुराकडे पळेल.

शेवटच्या सेशनसाठी एक वस्तू हाताने तयार करा: शिरगणतीची वही. साधी लाल बांधणीची खतावणी चालेल. तीत गावातली दहाबारा नावं लिहा, त्यात तीन वर्षांपूर्वी गेलेल्यांची, म्हणजे ज्यांचे चेहरे आता दुसरेच वापरतायत त्यांचीही. कारकून चावडीवर बसतो, वही पार्टीपुढे सरकवतो, कारण या पाच दिवसांत गावाला जवळून पाहिलेले बाहेरचे साक्षीदार तेच. एकेक नाव मोठ्याने वाचा आणि विचारा: हजर, मयत की आणखी काही? आक्काच्या मुलाचं नाव आलं की वही आणि पेन खेळाडूच्या हातात द्या, ती नोंद त्यालाच करू द्या. या प्रसंगाला निदान पाऊण तास राखून ठेवा. आधीची लढाई लांबत असेल तर तिथले हिट पॉइंट कमी करा, पण ही वेळ कापू नका.